बारा ते चार

नवतपा लागला, एवढं वाचलं की तुमच्या तोंडाला पन्ह्याची चव आली असेल. आता हा पोट्टा माठ काढीन, वाळा काढीन, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या काढीन आणि शेवटी आमरस आठवून डोळे पुसीन, अशी तुमची तयारी झाली असेल. त्यात मी सांगितलं की लेख माझ्या बाबांवर आहे आणि बाबा नेव्हीत होते, तर तुम्ही पाठ ताठ करून बसाल. तोफा येतील, युद्ध येईल, छातीवरची मेडलं येतील. काही येणार नाही. तोफेचा आवाज मला काढता येतो, पण बाबांनी तो कधी काढायला सांगितला नाही. मेडलं आहेत, पण ती धावण्याची आहेत आणि सध्या कुलरच्या पाइपाला लटकून आहेत. मग भुताची गोष्ट आहे का, असं विचाराल तर मी म्हणीन, भूत काय दुपारी येतं? आणि तुम्ही नागपूरकडचे असाल तर तुम्हीच म्हणाल, दुपारीच तर येतं.

बाहेरच्या माणसाला हे समजत नाही. त्याला भीती म्हणजे अंधार. आमच्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, बारा ते चार जो उजेड पडतो, त्याच्यात काहीच लपत नाही आणि तरी अंगावर काटा येतो. शहर आपोआप बंद होतं. हुडकेश्वरला आमचं घर ज्या ले-आऊटमध्ये आहे तिथले अर्धे प्लॉट अजून रिकामे आहेत. नुसते खांब रोवलेले, काटेरी झुडपं वाढलेली. समोरून डांबरी रस्ता सरळ जातो आणि त्याच्या टोकाला पाणी असतं. जवळ गेलं की नसतं. कुत्री नालीत उतरून बसतात. झाडाची सावली घाबरल्यासारखी बुंध्याशी गोळा होते. माणूस दिसलाच तर तोंडाला दुपट्टा बांधलेला, फक्त डोळे. ओळखीचा आहे का नाही, कळत नाही.

आणि आवाज एकच, कुलरचा. प्रत्येक घराला एक, प्रत्येक कुलर आपापल्या सुरात घूं करतो, आणि सगळे मिळून जो आवाज होतो तो, बाबा म्हणायचे, जहाजाच्या पोटातला आवाज आहे.

"डोळे मिट अन् ऐक," ते म्हणायचे. "इंजिन चालू आहे. हालून नाही राह्यलं फक्त."

नागपूर म्हणजे देशाचा मध्य. तसा दगडच रोवून ठेवला आहे. कोणत्याही बाजूने निघा, समुद्र लांबच. त्या मधोमध बसून हा माणूस म्हणायचा की इंजिन चालू आहे.

यंदा कुलर मी काढला. मागच्या वर्षीपर्यंत तो मान बाबांचा होता. ताट्यांमधलं जुनं खस काढून फेकलं, नवीन भरलं, पंप लावला. कोरड्या खसावर पहिलं पाणी पडलं आणि तो वास घरभर पसरला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दारात उभी राहिली, आणि परत आत गेली.

"काय झालं वं आई?" मी विचारलं.

"काही नाही," ती आतून म्हणाली. "जहाज सुटलं."

बाबांचं गाव खापा, कन्हानच्या काठी. कन्हान पावसाळ्यात नदी असते आणि उन्हाळ्यात वाळू. बाबा पावसाळ्यात तिच्यात पोहले आणि उन्हाळ्यात तिच्यावर पळाले. वाळूत पळून पोटऱ्या अशा झाल्या की म्हातारपणी सगळं अंग सुकलं तरी त्या तेवढ्या तरुण राहिल्या, जशा काही दुसऱ्या कोणाच्या लावल्या आहेत. भरतीवाल्यांनी विचारलं होतं, समुद्र पाहिला का? बाबा म्हणाले, नाही, कन्हान पाहिली. ते हसले आणि घेऊन टाकलं.

जहाजावर पळायला मैदान कुठलं. बाबा डेकवर गोल गोल पळायचे. त्याबद्दल ते एक गोष्ट नेहमी सांगायचे आणि ती सांगताना गंभीर व्हायचे. "मी पुढे पळून राह्यलो, खाली जहाजही पुढे जाऊन राह्यलं. ठीक आहे. पण वळून मागच्या बाजूले पळताना मी पुढे जाऊन राह्यलो का मागे, हे मले अजून समजलं नाही."

नेव्हीची नोकरी पुरी करून ते खाप्याला परत आले, शाळेत पीटीचे सर झाले, उशिरा लग्न केलं आणि त्याहून उशिरा मी झालो. ताई माझ्याहून इतकी मोठी की तिच्या लग्नात मी रांगत होतो. मित्र बाबांना माझे आजोबा समजायचे. बाबा दुरुस्त करत नसत. रोज सकाळी सावनेरच्या रस्त्याला पळायला जायचे, आणि ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी विचारायची, "काहून पळून राह्यला गा? कोण लागलं मागे?" बाबा पळत पळतच उत्तर द्यायचे, "मागे पाह्यलं नाही, मावशी."

सत्तरी ओलांडल्यावर आम्ही हुडकेश्वरला राहायला आलो आणि ते म्हाताऱ्यांच्या स्पर्धेत पळायला लागले. दर वर्षी मेडल. मी एकदा विचारलं, "किती जण होते तुमच्या गटात?"

"होते दोघं."

"मग दुसरा?"

"तो निंघालाच नाही. मरून गेला डिसेंबरात."

म्हणाले आणि मेडल कुलरच्या पाइपाला अडकवून दिलं. पंखा फिरला की मेडलं एकमेकांवर हळूच वाजायची. अजून वाजतात.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी आवाज काढतो. पोट भरतं त्याच्यावर. लग्नात, गॅदरिंगमध्ये, गणपतीत पुढाऱ्यांचे, मास्तरांचे, रेल्वेत घोषणा करणाऱ्या बाईचे, बिघडलेल्या स्कूटरचे. हुडकेश्वरमध्ये भाजीच्या गाडीवर जो भोंगा वाजतो, "आलू घ्या, कांदे घ्या, वांगे घ्या ताजे", तो माझाच आवाज आहे, रेकॉर्ड करून दिलेला. भर दुपारी कधी ती गाडी जाते. रस्त्यावर कोणी नसतं, गाडीवालाही छत्रीखाली दिसत नाही, आणि माझा आवाज एकटा समोरून निघून जातो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा बाबा खिडकीत होते. बराच वेळ ऐकत राहिले.

"तुझा आवाज तुझ्याशिवाय फिरून राह्यला," ते म्हणाले. "सांभाळ गा. रस्ता सापडला का त्याले वापस यायचा?"

नक्कल माझ्याकडे बाबांकडूनच आली. पण त्यांना फक्त एक आवाज यायचा. वर्गीसचा. वर्गीस हा त्यांचा जहाजावरचा दोस्त, केरळचा. मराठी माणूस आणि मल्याळी माणूस, मधे हिंदी, आणि ती दोघांचीही तोडकी. जेवताना भाजीत मीठ जास्त झालं की बाबा वर्गीसच्या आवाजात म्हणायचे, "मेश्रा, समुंदर प्लेट में कौन डाला?" आमचं आडनाव मेश्राम, पण वर्गीसच्या तोंडात शेवटचा म राहत नसे. त्या आवाजात बाबांचा चेहरा बदलायचा. डोळे मोठे व्हायचे, मान लांब व्हायची. मी लहान असताना खरंच वाटायचं की बाबा उठून गेले आणि त्यांच्या ताटावर दुसराच माणूस जेवायला बसला आहे.

मी एकदा म्हटलं, "मले शिकवा ना वर्गीस."

"नाही. तू त्याले ऐकलं नाही. माझी नक्कल पाहून नक्कल करशीन, तर तो वर्गीस नाही होणार. भलताच कोणी होईन."

जहाजावर दिवसाचे तुकडे पाडतात. एकेका तुकड्याला वॉच म्हणतात. बाबांची वॉच दुपारी बारा ते चार, वर उभं राहून समुद्रावर नजर ठेवायची. चार वाजता वर्गीस येऊन त्यांना सोडवायचा, तो त्यांचा रिलीफ. आणि सोडवण्याची पद्धत होती. जाणाऱ्याने काय काय दिसतं ते सांगायचं. येणाऱ्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. मग म्हणायचं, "ली." म्हणजे वॉच घेतली. ते ऐकल्याशिवाय पहिल्याने जागचं हलायचं नाही, मग आभाळ का कोसळेना.

ही पद्धत बाबांनी आमच्या घरी लावली होती. खाप्याला ते मला गॅसजवळ उभं करायचे. "दूध ठेवलं आहे. बारीक गॅसवर. उकळी आली नाही." मी म्हणायचं, "दूध ठेवलं आहे, बारीक गॅसवर, उकळी आली नाही. घेतलं." मगच ते तिथून हलायचे. मी हे सगळं त्यांच्याच आवाजात म्हणायचो, त्याचं त्यांना हसू यायचं. एकदा घेतलं म्हटलं आणि गोट्या खेळायला गेलो. दूध उतू गेलं, भांडं जळलं. बाबांनी मारलं नाही. नुसते माझ्याकडे पाहत राहिले, जसा काही मी कोणाला बुडवून आलो.

ते का तसं पाहत होते, हे मला मागच्या नवतप्यात समजलं.

त्याआधी आईचा नियम सांगतो. आमच्या शाळेत मराठीचे एक सर होते, त्यांची खोकण्याची लकब होती. छोटा, छोटा, मग लांब, मग "हं". ते वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या दाराआड उभं राहून तो खोकला काढला. अख्खा वर्ग उभा राहिला. मी हसत दाराआडून पुढे आलो. मला वाटलं, आता सगळे हसतील. कोणीच हसलं नाही. मी समोर उभा होतो आणि सगळी पोरं माझ्या मागे, दाराकडे पाहून राहिली होती. मी वळून पाहिलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं.

"जित्या माणसाची नक्कल कर, लागन तेवढी कर," आई म्हणाली. "मेलेल्याची नाही करायची. त्याइले आवाजाची वाट दिसते."

"मग बाबा वर्गीसची करतात ते? तोही तर मेला ना?"

"त्याइची दोस्ती होती. तू नाही करायची."

मागच्या वर्षी नवतपा लागला तेव्हा बाबा ऐंशीच्या पुढे होते. पळणं सुटलं होतं, चालणं चालू होतं. पहिल्या दिवशी बरोबर बारा वाजता त्यांनी आंघोळ केली, पांढरे कॅनव्हासचे बूट घातले आणि खाप्याहून आणलेली लाकडी हातांची खुर्ची खिडकीशी ओढून बसले. समोर रस्ता, रस्त्याच्या टोकाला ते खोटं पाणी. चार वाजता उठले आणि चहा मागितला. मला गंमत वाटली. मी शिट्टी वाजवून दाखवली जहाजाची, तेही हसले.

मग एका दुपारी चार वाजले आणि ते उठले नाहीत. चहा गार झाला.

"बाबा, चार वाजले."

"रिलीफ नाही आला," ते म्हणाले. मान वळवली नाही.

पाच वाजले, सहा वाजले. दिवे लागले. ते तिथेच. रात्रभर त्याच खुर्चीत, ताठ. सकाळी पाहतो तर बुटाच्या नाड्या पायात रुतलेल्या. बूट काढले. त्या पायांवर, ज्यांनी अख्खी कन्हान तुडवली, बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. धंतोलीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे खुर्चीत बसवलं तर तिथूनही खिडकीच शोधत होते.

"यांना झोपवा," डॉक्टर म्हणाले. "आडवं करा, पाय वर ठेवा. हे असे बसून राहिले तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही. हृदय दमलं आहे."

"याइचं हृदय कधी दमत नाही," आई म्हणाली. "तुम्ही नाडी पाहा, किती हळू चालते."

"कधी दमलं नाही म्हणूनच आता दमलं, काकू."

घरी आलो. बाबा सरळ खुर्चीत. मी म्हटलं, मी घेतो वॉच. ते म्हणाले, तुझी नाही. आईने दुधात गोळी विरघळवून दिली. त्यांनी ग्लास खाली ठेवला, वॉचवर काही घेत नाहीत म्हणाले. मी काखेत हात घालून उचलायला गेलो तर त्यांनी खुर्चीचे हात धरले. ऐंशी वर्षांच्या माणसाची ती पकड नव्हती. मी सोडून दिलं. घाम आला होता मला, कुलरसमोर.

त्या दुपारी आई स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होती. विळीवर बसल्या बसल्या, वर न पाहता म्हणाली, "मोन्या."

"काय?"

"तुले वर्गीस येते का?"

मी दारातून आत आलो.

"तूच म्हणते ना का मेलेल्याचा..."

"मी काय म्हणते ते मले माहीत आहे. येते का नाही, तेवढं सांग."

मग तिने सांगितलं. बाबा जेवताना वर्गीसच्या शंभर गोष्टी सांगायचे, पण एक गोष्ट "चार वाजले, वर्गीस आला नाही" इथे थांबायची आणि बाबा पाणी प्यायला उठायचे. आम्हाला वाटायचं, संपली. ती संपलेली नव्हती.

"त्या दिवशी तो आलाच नाही," आई म्हणाली. "वाट पाहून पाहून याइनं खाली हाक मारली. मग सगळ्याइनं शोधलं. मागच्या बाजूच्या जिन्यावर त्याची टोपी सापडली. तो नाही सापडला. पाण्यात कवा गेला, कसा गेला, कोणाले नाही समजलं. हे वर उभे होते ना, नजर ठेवाले. समोर पाहून राह्यले होते. तो मागून गेला. लगन झाल्यावर एकदा सांगितलं मले, मग कधीच नाही."

ती परत कैरी चिरायला लागली. फोडी मोठ्या होऊन राहिल्या होत्या.

"काढ गा त्याचा आवाज," ती म्हणाली. "जे व्हायचं ते होईन. त्याइले झोपू दे."

आमच्या घराला गच्चीवर जायला बाहेरून लोखंडी जिना आहे. जहाजावर वरून खाली यायचं तर असाच जिना, असं बाबांनीच तो बसवताना सांगितलं होतं. मी चारला थोडं कमी असताना वर गेलो. चपला फट फट वाजतात म्हणून खालीच काढल्या. वरून चारी बाजूला पाहिलं. एक माणूस नाही, एक पाखरू नाही. गच्च्यांवर काळ्या टाक्या, आणि सगळ्या कुलरची ती घरघर खालून पायात येत होती. मला असं वाटलं की घर हललं. थोडंसं, एका बाजूला.

जिना उतरलो. लोखंड तव्यासारखं. तळपाय भाजत होते, तरी मुद्दाम जोरात पाय टाकले, धण धण. दारातून आत गेलो. बाबांची पाठ माझ्याकडे. आई स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडाशी. मी तीन वाक्यं ठरवली होती. ती म्हणून टाकली.

"मेश्रा. चल, छोड. मैं आ गया."

आवाज जमला. इतका जमला की मलाच नको वाटला.

बाबा वळले नाहीत. "लेट," ते म्हणाले.

"हाँ. लेट हो गया."

"बहुत लेट."

माझी वाक्यं तर आधीच संपली होती. ते असं बोलतील हे मी धरलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, काहीतरी बोलायचं म्हणून, आणि तोंड म्हणालं, "रास्ता नहीं मिला, मेश्रा. उधर ठंडा था."

हे मी ठरवलं नव्हतं. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात, भाजलेल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाला ठंडा हा शब्द कसा सुचेल? आईने पदर दातात धरला. बाबांनी मान हलवली, हळूच, एखादी गोष्ट आधीच माहीत असल्यासारखी.

"मालूम है," ते म्हणाले. आणि वॉच द्यायला लागले. "सामने साफ. लेफ्ट में एक बत्ती, दूर. हिलती नहीं."

"सामने साफ," मी म्हटलं. "लेफ्ट में एक बत्ती, दूर. हिलती नहीं."

"पीछे..." बाबा थांबले. कुलरच्या पाइपावर मेडलं वाजली. "पीछे मैंने देखा नहीं."

म्हणून दाखवल्याशिवाय वॉच सुटत नाही. दूध उतू गेल्याच्या दिवशी बाबा माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहत होते ते डोळे मला आठवले. हे वाक्य वर्गीसच्या तोंडून त्यांना परत ऐकवायचं होतं.

"पीछे," मी म्हटलं, "तूने देखा नहीं. ली."

बाबा उठले. खुर्चीचे हात सोडले. सुजलेल्या पायांवर उभे राहून माझ्याकडे वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढे केला. हात खांद्यावर आला नाही. खांद्याच्या वर, वीतभर वर, हवेत टेकला आणि थोपटून खाली आला. वर्गीस माझ्यापेक्षा उंच असणार.

मग ते आत गेले, पलंगावर आडवे झाले. आईने पायाखाली दोन उशा दिल्या. पाठ टेकते न टेकते तोच घोरायला लागले. आई पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पोटऱ्यांवरून हात फिरवत राहिली, घोड्याच्या अंगावरून फिरवावा तसा.

मी खुर्चीत बसलो. घेतली म्हटलं होतं ना. समोर साफ होतं. डावीकडे पाहिलं. रिकाम्या प्लॉटच्या पलीकडे एक अर्धवट बांधलेलं घर आहे, विटांचंच, त्याला ना तारा आल्या ना मीटर. तिथे एक दिवा होता. मला वाटलं, पत्र्यावर ऊन पडलं असेल. मी पाहत राहिलो. ऊन सरकलं, सावल्या लांबल्या, तो सरकला नाही. मागे पाहायची हिंमत मला झाली नाही.

त्या दिवसापासून बाबा झोपायला लागले. पायांची सूज उतरली. खिडकीशी बसले नाहीत, त्या दिवसानंतर खुर्चीबद्दल बोलले नाहीत. दिवाळीनंतर, संत्र्यांनी बाजार भरला तेव्हा, एका सकाळी ते उठले नाहीत. आडवे, पाय उशीवर, तोंड जरासं उघडं, शर्यत संपल्यावर असतं तसं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खाप्याहून पाहुणे आले होते. एक काका म्हणाले, "मोनू, बाबाचा आवाज काढून दाखव ना गा, जरा बरं वाटन." मला तो आवाज येतो. दुधाच्या वेळेपासून येतो. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहून राहिली होती. मी काकांना रेल्वेतल्या बाईचा आवाज काढून दाखवला.

आणि आता परत नवतपा. बारा वाजता मी खुर्चीत बसतो. कोणी सांगितलं नाही. आई पन्हं आणून ठेवते, मी म्हणतो, वॉचवर घेत नाहीत. ती हसत नाही. पण ग्लास उचलतही नाही, तिथेच ठेवून जाते, आणि तासाभराने येऊन पाहते की मी प्यायलो का नाही. माझा आवाज आलू-कांदे घेऊन समोरून जातो आणि वळणावर बंद होतो. ते विटांचं घर अजून तसंच आहे. तिकडे मी फार पाहत नाही.

चार वाजता जिना वाजतो. धण, मग थोडं थांबून धण. काल आईही ऐकत उभी होती.

"लोखंड आहे वं," मी म्हटलं. "तापलं का वाजते."

"तापते तर सकाळपासून," आई म्हणाली. "मग चारलेच काहून वाजते?"

दार उघडं होतं. कोणी आलं नाही. "लेट," मी म्हटलं, माझ्याच आवाजात, आणि बसून राहिलो. आईने तिथेच खाली बसकण मारली आणि तांदूळ निवडायला घेतले. दाराकडे तोंड करून.

मला खुर्ची सोडता येईल की. कोण पाहतं? पण मागच्या वर्षी मी एकदा सोडली होती, घेतली म्हटलं त्याच दुपारी, आणि तेव्हा जी बोलणी खाल्ली ती अजून पचलेली नाहीत.

झालं असं की दिवा पाहत बसलो असताना कुलरचा आवाज बदलला. टाकीतलं पाणी संपलं होतं. मी उठलो, मागच्या अंगणात जाऊन मोटर चालू केली, पाइप कुलरला लावला. तेवढ्यात फोन आला, एका लग्नाच्या कार्यक्रमाचा. कडुनिंबाखाली उभा राहून बोललो. दोन आवाज काढूनही दाखवले, गिऱ्हाईक हसलं. आत आलो तर बाबा झोपेतून उठून खुर्चीशी उभे. एक हात खुर्चीच्या पाठीवर. तोंड खिडकीकडे नाही, उलटं. घराच्या आत, मागच्या दाराकडे, जिथून मी येत होतो तिथे पाहून राहिले होते.

"कुठे गेला होता?"

मी वर्गीसच्या आवाजात सुरुवात केली. "मेश्रा, वो पानी..."

"वर्गीसले मधात नको आणू," बाबा म्हणाले. शाळेच्या मैदानावरचा, पार नदीपर्यंत जाणारा आवाज. "त्याचं काम झालं, तो गेला. मी तुले विचारून राह्यलो. मोन्याले. घेतली म्हणाला का नाही म्हणाला?"

"म्हणालो."

"मग? दुधाच्या वेळेसही घेतलं म्हणाला होता. दुनियेचे आवाज काढता येते तुले, पण एका जागी बूड टेकता नाही येत. माणूस झोपते तो कोणाच्या भरवशावर झोपते? घेतली म्हणणाराच्याच ना? खुर्ची रिकामी ठेवून फोनवर दात काढाचे असन तर घेतली नाही म्हणायचं. नाही म्हणणाऱ्याले कोणी फाशी नाही देत. अन् बसला तर माझ्यासारखा समोर समोर नको पाहू. समोर काहीच नसते. मान फिरवत जा, मागं पाह्यत जा."

मी मान खाली घातली. माझे उघडे, भाजलेले पाय त्यांना दिसले असावेत. आवाज जरा खाली आला, पण बोलणं थांबलं नाही.

"अन् वॉचवर अनवाणी कोण येते, लेकाच्या? जिन्यावरचे पाय तुझे होते, तेवढं मले समजते, म्हातारा झालो तरी. पण उधर ठंडा था, हे कोण म्हणालं, ते मले नको सांगू. अन् तुझ्या आईलेही नको सांगू. चपला घाल. बस तिथं."